परकी थुंकी

“थुंक,” सापाराली म्हणाला आणि त्याने प्लास्टिकची डबी मुलाच्या हातात कोंबली.

तिलेक डबीकडे बघतच राहिला. क्षयाच्या दवाखान्यामागे, जर्दाळूच्या झाडाखाली बापलेक उभे होते.

“बाबा, काहीतरीच काय!”

“मग मरू का इथे? आजाराने नाही, किळसेनेच मरेन मी.”

ते खोटं नव्हतं. सापारालीने उभा जन्म कोळशाच्या खाणीत काढला, पण माणूस टापटिपीचा. पाळीवरून आला की अंग घासून काढल्याशिवाय नानला हात लावायचा नाही. आणि इथे खाटेला खाट लागलेली. शेजारचा मामातकुल घसा खरवडून बेडका काढायचा, डबी उजेडात धरून न्याहाळायचा. “आज हिरवा कमी आहे बरं का!” म्हणायचा. मग मिशा हाताने पुसून त्याच हाताने नान मोडायचा आणि अर्धा सापारालीपुढे करायचा. नानला नाही म्हणता येत नाही. सापाराली तो तुकडा गालात धरून बाहेर जायचा आणि भिंतीच्या आडोशाला ओकायचा. उशीला दुसऱ्याच्या घामाचा वास. शोरप्याच्या रश्श्यावर तवंग दिसला तरी त्याला ती डबीच आठवायची.

थुंकीचा नमुना स्वच्छ आला की घरी जाऊन गोळ्या घ्यायची मुभा होती. सापारालीचा नमुना काही स्वच्छ येत नव्हता.

“घरी लहान पोरं आहेत,” तिलेक हळूच म्हणाला.

“मी गोठ्याशेजारच्या खोलीत पडेन. माझी वाटी वेगळी, पेला वेगळा. थुंक रे लेका. तुझी छाती स्वच्छ आहे. उगाच का तुला डोक्यावर नान ठेवून शपथ घ्यायला लावली, खाणीत उतरणार नाही म्हणून? ओश शहरात टॅक्सी चालवतोस, मोकळी हवा खातोस. काढ खोलवरून. नुसती लाळ चालत नाही, असं ती डॉक्टर म्हणते.”

तिलेकने झाकण काढलं. डबी घेऊन संडासामागे गेला. बराच वेळ खोकल्याचा आवाज येत होता. परत आला तेव्हा झाकण घट्ट लावलेलं होतं आणि डबी वर्तमानपत्रात गुंडाळलेली.

“उघडू नका,” तो म्हणाला.

सापाराली कशाला उघडतोय! पोटच्या पोराची असली तरी थुंकी ती थुंकीच. दोन बोटांच्या चिमटीत धरून, तोंड फिरवून त्याने ती तपासणीच्या खिडकीत नेऊन ठेवली. मग नळाखाली हात चोळचोळून धुतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर बर्मेतने त्याला बोलावून घेतलं.

“सापाराली दादा, जंतू एकही नाही,” ती म्हणाली. “पण मी एवढ्यावर सोडत नसते. इथले लोक महाबिलंदर. कुणी बायकोची थुंकी आणतं, कुणी मेहुण्याची. म्हणून मी आणखी एक गोष्ट बघते. या, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावा.”

सापारालीला बघायचं नव्हतं. तरी तो वाकला. गोल गोल पेशी होत्या, गोचिडासारख्या तट्ट फुगलेल्या आणि आत काळ्या कणांनी ठासून भरलेल्या.

“शी! काय घाण आहे ही!”

“घाण काय म्हणता? या पेशी राखणदार आहेत तुमच्या छातीच्या. बाहेरचं काही आत शिरलं की त्याला चाचपतात. परकं आहे असं कळलं की गिळतात. जंतू असला तर आतल्या आत जिरवून टाकतात. कोळसाही गिळतात बिचाऱ्या, पण कोळसा जिरत नाही. तो पोटात तसाच राहतो. मग असं भरलेलं पोट घेऊन नवा जंतू धरणार कसा? म्हणून तर खाणवाल्यांना क्षय लवकर गाठतो.” तिने हातमोजे काढले. “मास्तराच्या, दुकानदाराच्या पेशी अशा नसतात. जो वर्षानुवर्षं खाणीत उतरला, त्याच्याच अशा काळ्या. म्हणजे थुंकी तुमचीच. बांधा सामान.”

सापाराली पुन्हा वाकला. या वेळी त्याला कुणी सांगितलं नव्हतं. तो बघत राहिला, एकेका पेशीवर थांबत. आता त्याला ती घाण वाटत नव्हती.

मग त्याने मान वर केली. खिडकीखाली तिलेक गाडीचं दार उघडून उभा होता. अंगात धुतलेला शर्ट. बापाची गादी टाकायला मागची बाजू रिकामी केलेली.

“डॉक्टर, मला दुसरी डबी द्या,” सापाराली म्हणाला. “ही थुंकी माझी नाही.”

बर्मेतचा आवाज चढला. “मग कुणाची? आणि कुठल्या खाणीतला माणूस आहे तो?”

“मुलगा आहे माझा,” सापाराली म्हणाला. “कुठली खाण, ते मलाही विचारायचंय. वर बोलवा त्याला.”