भिवराबाईंची वाकी

मानमोडीच्या तापातून भिवराबाई महिन्यानं उठल्या, तर दंडात रुतून बसणारी चांदीची वाकी घसरून कोपरावर आली. आपण शुद्धीवर नसताना सून शिवकन्येनं वडवणीच्या सोनाराकडून ती बदलून आणली, याबद्दल त्यांना तिळमात्र शंका उरली नाही. तिला निजामाच्या चौकीवरच नेलं असतं, पण आधी पुरावा हवा. म्हणून वाकी चिंधीत बांधून त्यांनी उतरंडीच्या तळच्या गाडग्यात दडवली आणि सुनेवर डोळा ठेवला.

सुनेचं वागणंही संशय यावा असंच. ताटात रोज घट्ट वरण, तांब्याभर दूध, आणि वर गोड बोलणं, "आत्याबाई, अंगात ताकद याया जरा जात्याला हात लावा की."

"लाडीगोडी कावून लावती, मला कळत न्हाई व्हय," असं पुटपुटत भिवराबाई दूध संपवायच्या आणि दळायला बसायच्या.

संक्रांतीला वाणाला निघताना त्यांनी गाडग्यातली वाकी काढून दंडात चढवली. ती पहिल्यासारखी घट्ट रुतली.

भिवराबाई शेजारच्या सरस्वतीबाईंच्या कानाला लागल्या, "भ्याली सटवी. माझी खरी वाकी गुपचूप आणून ठिवली."