मिसरीची डबी

पितृपक्षात मोहिनीने नवऱ्यासाठी वाढलेलं पान दुपारपर्यंत तसंच राहिलं. कावळा जांभळीवर बसला होता, पण शिवत नव्हता. “दादा, तुझी पोर मी शिकवतो,” दीर म्हणाला. कावळा हलला नाही. “बिड्या ठेवा, त्यांच्यावर लय जीव होता त्याचा,” सासू म्हणाली. पानात बंडल ठेवलं. कावळा उलट वरच्या फांदीवर गेला आणि मोहिनीकडे पाहू लागला. तिने कनवटीची डबी पदराआड दाबली. नाशिकच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, “एचआयव्ही गोळ्यांनी आटोक्यात आहे. नवऱ्याचाही आटोक्यात होता. त्याला नेलं बिड्यांनी पोखरलेल्या हृदयाने. तू तंबाखूची मिसरी सोड.” घरी तिने ‘सोडली’ म्हणून सांगितलं होतं. कावळा पाहत होता, नवरा पाहायचा तसाच, मान डावीकडे झुकवून. तिने डबी अंगणातल्या चुलीत टाकली. “सोडली हो, खरंच.” कावळा उतरला. आधी त्याने चोचीने बिड्यांचं बंडल पानाबाहेर सारलं.