कारागीर मार्चमध्ये वारले

"विल्फ, तू मेलास की रे," ब्रेंडा दारातूनच म्हणाली. "निदान शेजारणीला तरी कळवायचंस."

तिने टॅबलेट त्याच्या चहाच्या कपाला टेकवून उभा केला. इंटरनेटवरचं जुन्या वस्तऱ्यांचं दुकान होतं, आणि ते विल्फच्या मुलाचं, नीलचं होतं. नील लंडनला बसून असल्या चिजा विकतो, एवढं विल्फच्या कानावर होतं. पहिल्याच वस्तऱ्याच्या फोटोखाली लिहिलं होतं: शेफील्डच्या जुन्या कारागिराने स्वतःसाठी जपून ठेवलेला, एकदाही न वापरलेला. कारागीर मार्चमध्ये वारले.

विल्फने चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. वस्तरा त्याच्याच हातचा होता, तेवढं खरं. मुठीजवळ सहाणेचा दगड घसरल्याची बारीक खूण अजून दिसत होती. पण न वापरलेला? नीलला अठरा पुरी झाली तेव्हा विल्फनेच तो त्याला दिला होता, आणि पहिल्याच दिवशी पोराने हनुवटी कापून घेतली होती. रक्तावर वर्तमानपत्राचा कपटा विल्फनेच चिकटवला होता.

पातं फुकट देऊ नये, नातं कापलं जातं, हे शेफील्डात लहान पोरही सांगेल. म्हणून त्याने पोराकडून एक पेनी घेतली होती. ती अजून शेकोटीवरच्या फळीवर, बशीत पडून होती. ज्याला दिलं त्यानेच पातं विकलं तर काय होतं, ते मात्र कोणी सांगून ठेवलं नव्हतं.

ब्रेंडाचा पारा चढला होता. इथे दाबलं की तक्रार जाते, खोटी माहिती दिली म्हणून दुकानाला कायमचं टाळं लागतं, असं तिने समजावलं. जित्याजागत्या बापाला पुरून हा धंदा करतो, म्हणाली. विल्फ तिला थांब म्हणाला. आधी गिऱ्हाईक म्हणून एक विचारून बघ. तिच्या खात्यावर नाव भलतंच होतं, नीलला पत्ता लागायचा नाही.

"म्हातारा गेला तेव्हा जवळ कोणी होतं का, विचार."

तिने नाक मुरडलं, पण टाइप केलं. ईस्टरपासून विल्फच्या एकाही फोनला नीलने उत्तर दिलं नव्हतं. हे उत्तर चहा निवायच्या आत आलं.

'होतो ना. मी त्यांचा मुलगा. शेवटपर्यंत हात धरून बसलो होतो.'

विल्फने ते दोनदा वाचलं. टेबलावरचा आपला हात त्याने उचलून मांडीवर घेतला. तो मेलेला म्हातारा आपल्यापेक्षा नशीबवान, असं त्याला वाटून गेलं.

"काही बोलले का, तेही विचार."

पुन्हा लगेच उत्तर आलं. 'माझं नाव घेतलं.'

"खोटारडा," ब्रेंडा म्हणाली. तिचं बोट तक्रारीच्या बटणाशी जाऊन थांबलं. "दाबू?"

विल्फने तिचा हात हळूच बाजूला केला.

"नको," तो म्हणाला. "ते नाव घेतल्याचं तरी खरं निघणार आहे."