हाडवैर

चौथ्या दिवसाचं इंजेक्शन दंडात गेलं आणि धाकट्यानं दात आवळले. कंबरेच्या हाडात कुणी पहार घालावी तशी कळ उठली.

"ठणकतंय ना? मग लागू पडलंय," नर्स म्हणाली. "या औषधानं हाडांतली मज्जा भराभर पेशी बनवते. त्या रक्तात उतरतात. उद्या तुमच्या रक्तातून त्या काढायच्या आणि भावाला द्यायच्या."

धाकट्यानं बाही खाली ओढली. उद्या तो इथं थांबणारच नव्हता.

काचेच्या खोलीत थोरला पडला होता. त्याची रोगट मज्जा डॉक्टरांनी औषधांनी पार जाळून टाकली होती. आता त्याच्या अंगात नवं रक्त बनणार नव्हतं. धाकट्याच्या पेशी मिळाल्या तरच तो जगणार होता. याच दिवसासाठी धाकटा मुकाट्यानं सुया टोचून घेत होता.

कित्येक वर्षांपूर्वी गॅरेजमध्ये, भर दुपारी, याच भावानं त्याच्या तोंडावर पाना हाणला होता. डावा डोळा कायमचा गेला. "जॅकवरून गाडी घसरली," असं थोरल्यानं सगळ्यांना सांगितलं. आईनंही त्याचीच री ओढली.

गाऊन आणि मास्क चढवून धाकटा आत शिरला.

"दादा, मी चाललो. मर आता."

थोरल्याच्या हिरड्यांतून रक्त झिरपत होतं. तरी तो हसला. "ठाऊक होतं मला."

"मग मज्जा जाळू कशाला दिलीस?"

"पाना मीच मारला होता. तू हातसुद्धा उचलला नाहीस तेव्हा. आज तुझी पाळी."

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्याच्या तोंडून खरं निघालं होतं. धाकट्याचं डोकं फिरलं. त्यानं थोरल्याची गचांडी धरली, त्याला उशीवरून उचललं, मूठ उगारली. हाताला वजनच लागेना. बोटं रुतली तिथं कातडीखाली काळंनिळं रक्त साकळलं. थोरल्यानं डोळे मिटले नाहीत, हात आडवा घातला नाही.

मूठ खाटेच्या लोखंडी दांड्यावर आदळली. सालटं निघाली.

सकाळी धाकटा यंत्राशेजारच्या खाटेवर दोन्ही हात पसरून पडला होता. नर्स सुई घेऊन वाकली.

"टोचा," तो म्हणाला. "आणि त्याला लवकर उभं करा. मला त्याला बदडायचंय, आणि आडव्या पडलेल्याला मी मारत नाही."