एकाहत्तरपासून पुढं

"अंकुराकडची बाजू सोडायची. तिथं पातं लागलं की बी मेलं," गणपतराव म्हणाले आणि सोयाबीनच्या दाण्याचा तिळाएवढा काप त्यांनी अलगद उडवला.

उचगावच्या घरात जेवणाच्या टेबलावर काम चाललं होतं. निवृत्त झाले तरी संशोधन केंद्रानं हा प्रयोग त्यांच्याकडंच ठेवला होता. काप प्रयोगशाळेत जायचा, त्यातलं तेल तपासायला. उरलेला दाणा पेरायचा आणि रोप आलं की पानावरून त्याची जनुकं वाचायची. दोन्हींचा मेळ बसला की हृदयाला मानवणारं तेल कुठल्या जनुकामुळं येतं, त्याचा नकाशा तयार. म्हणून काप आणि दाणा, दोन्हींच्या पाकिटांवर एकच क्रमांक. क्रमांक ते स्वतः घालत होते. पाकिटं त्यांची मुलगी संयोगिता भरत होती.

एरवी हे काम शांभवीचं. ती त्यांची पीएच.डी.ची विद्यार्थिनी. बहिणीच्या लग्नाला कुरुंदवाडला गेली होती.

"आबा, आकडे मी घालू का?"

"नगं. तुझं अक्षर ऐसपैस. शांभवीचं कसं मोहरीगत, बघ."

संयोगिता पंधरा वर्षं कॉलेजात मराठी शिकवत होती. तिनं लिहिलेलं पुस्तक आबांनी चाळलंही नव्हतं. शांभवीच्या प्रबंधातला स्वल्पविराम मात्र ते फोनवरून दुरुस्त करायचे.

सत्तर दाणे झाले. आबांनी मान वर न करता हात पुढं केला.

"हं, फुडचा दे की, शांभवी."

त्यांच्या ते लक्षातही आलं नाही. संयोगितानं दाणा दिला. पण एकाहत्तराव्या दाण्याचा काप तिनं बहात्तरच्या पाकिटात टाकला. बहात्तराव्याचा त्र्याहत्तरच्या. एकशेसाठपर्यंत तसंच. एकाहत्तरचं पाकीट रिकामं उरलं, त्यात शेवटचा काप गेला. बसू दे त्या शांभवीला निस्तरत, ती मनात म्हणाली. राग निवल्यावर तिला स्वतःची लाज वाटली. उद्या सकाळी सांगून टाकू, असं ठरवून ती झोपली.

सकाळी आबा उठलेच नाहीत.

तेराव्याला शांभवी संयोगितापेक्षा जास्त रडली. बायका तिलाच जवळ घेत होत्या. "सायबांची लेक व्हय ही?" कुणीतरी विचारलं. प्रयोगाच्या शेतात खुरपणीला येणारी तानाबाई म्हणाली, "लेक न्हाय, पर लेकीपरास जास्त." संयोगिता शेजारीच पाण्याचे पेले भरत होती. पाकिटांचं तिनं त्या दिवशी सांगितलं नाही. दाणे पेरले तेव्हाही नाही.

फेब्रुवारीत शांभवी घरी आली. बसली, पण पाण्याला हात लावला नाही.

"ताई, नकाशा जुळंना. सत्तरपर्यंत सगळं बरोबर. पुढं तेल एक सांगतंय आणि पान दुसरंच. केंद्रातले म्हणतात, वयामुळं सरांचा हात चुकला. अख्खा संच बाद करायचा म्हणतायत."

"मग?"

"मी लिहून दिलं. पाकिटं मी भरलेली, घोळ माझाच म्हणून."

"तू तर कुरुंदवाडला होतीस."

"ते कुणाला ठावं हाय? माझं वर्ष जाईल, जाऊ दे की. सरांच्या नावाला बट्टा नको."

संयोगिताला भरून यायला हवं होतं. आला तो हेवाच, जुना आणि ओळखीचा. आबांच्या जन्मभराच्या कामात तिच्या हातचं असं एकच काही होतं. तेही ही मुलगी स्वतःच्या नावावर लिहून आली होती.

"तो कागद परत घे," ती म्हणाली. "एकाहत्तरपासून प्रत्येक काप एक पाकीट पुढं गेलाय, शेवटचा एकाहत्तरात. मागं सरकव, सगळं जुळेल. मी मुद्दाम केलं ते."

"का, ताई?"

"त्यांनी मला तुझ्या नावानं हाक मारली म्हणून." संयोगिताचा आवाज चढला आणि मग एकदम बसला. "बाकी सगळं तुलाच दिलं त्यांनी, शांभवी. ही चूक माझी आहे. तेवढी तरी मला राहू दे."