बाबांचा मिस्त्री

पुट्टीचा गोळा वर्तमानपत्राच्या बोळ्यासकट भिंतीच्या आत पडला आणि भोक पुन्हा आ वासून बसलं.

"मिस्त्री, पहिल्यांदाच करताय का?" खुर्चीत बसलेल्या बाबांनी विचारलं.

"बाबा, मी आहे. तुमचा मुलगा."

"हो का?" बाबा सभ्यपणे म्हणाले. थोडा वेळ गेला. "मिस्त्री, चहा घेणार?"

त्यानं नाद सोडला. अंगात फाटका बनियन, केसांत पांढरी भुकटी, हातात पुट्टीचा पत्रा. आज तो मिस्त्रीच दिसत होता. शिवाय मिस्त्री असणं त्याला बरंही वाटलं. मिस्त्रीनं कुणाला ढकललेलं नसतं.

त्यानं ढकललं होतं. परवा सकाळी बाबा आंघोळीला यायला तयार नव्हते. टॉवेल छातीशी धरून एकच विचारत होते, "आपण कोण?" त्यानं सांगितलं. त्यांनी पुन्हा विचारलं. शेवटी त्यानं दोन्ही हातांनी त्यांना बाजूला सारलं. सारलं कसलं, ढकललंच. भिंत विटांची असती तर बाबांचं काही खरं नव्हतं. पण ती जिप्समच्या पातळ पाट्यांची, आतून पोकळ. बाबांचा खांदा कोपरासकट आत गेला. ते ओरडलेसुद्धा नाहीत. पांढऱ्या झालेल्या हाताकडे बघत नुसतं "अरेच्चा" म्हणाले.

आणि आज संध्याकाळी ताई येणार होती.

आई गेल्यापासून ताई म्हणत होती, बाबांना मी नेते. यानंच छाती पुढे काढून सांगितलं होतं, "मी असताना बाबा कुठं जाणार नाहीत." तेव्हापासून ती त्याला श्रावणबाळ म्हणायची. चिडवून म्हणायची, पण चारचौघांत कौतुकानं सांगायचीही. बाबांचं कोपर काळंनिळं झालं होतं, म्हणून भर उकाड्यात त्यानं त्यांना पूर्ण बाह्यांचा शर्ट चढवला होता. बटणं लावताना त्याला त्यांच्या तोंडाकडे बघवलं नव्हतं. केल्याची लाज होतीच, पण आपण ते लपवतोय याची लाज आता तिच्याही वर चढून बसली होती.

खरा मिस्त्री बोलावता आला असता. पण तो आल्या आल्या विचारणार, "हे कसं झालं हो?"

हार्डवेअरच्या दुकानदारानं सकाळीच बजावलं होतं, "नुसतं लिंपू नका, साहेब. आधी भोक मोठं करा. चौकोनी कापा, आत आडव्या फळ्या लावा, त्यांच्यावर नवा तुकडा बसवा." तेव्हा ही फळ्या खपवायची युक्ती वाटली होती. आता त्यानं मुकाट्यानं करवत घेतली. वेड्यावाकड्या कडा कापल्या गेल्या आणि भोकाचा चौकोन झाला. आता ते कुणाच्या खांद्याचं वाटेना. त्याला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याचीही शरम वाटली.

फळ्या लागल्या. तुकडा दुसऱ्या खेपेला बसला. सांध्यांवर जाळीची पट्टी, तिच्यावर पुट्टी. ती त्यानं सढळ हातानं थापली आणि हेअर ड्रायरनं वाळवायला गेला, तर तिला तडे गेले. सगळी खरवडून पुन्हा पातळ हात द्यावा लागला.

"नीट करा, मिस्त्री," बाबा अधूनमधून म्हणत होते. "खूण राहायला नको."

बाबा पहिल्यापासून असे काटेकोर. स्वतःचं नाव विसरले तरी खोड जाईना, असं त्याला वाटलं. वाळल्यावर बाबा उठले, तळहात भिंतीवरून फिरवला आणि म्हणाले, "इथं अजून लागतंय हाताला." त्यानं परत पॉलिश पेपर घेतला. मग रंग लावला.

रंग ओला असतानाच बेल वाजली.

ताईनं पिशवी खाली ठेवायच्या आधी वास घेतला. "रंग कसला?" मग तिला चौकोन दिसला. "भिंतीला काय झालं?"

कपाट सरकवताना धक्का लागला, हे वाक्य त्यानं दिवसभर घोटून ठेवलं होतं. त्यानं तोंड उघडलं.

"मी पडलो," बाबा म्हणाले. "तोल गेला माझा. वय झालं आता."

"अगं बाई! लागलं का?"

"छे, छे."

ताईनं भावाकडे बघितलं. डोक्यापासून पायापर्यंत पांढरा. तिचे डोळे भरून आले. "आणि तू एकटा हे निस्तरत बसलास? सांगायचं तरी होतंस मला. श्रावणबाळ तो श्रावणबाळच!" त्याच्या केसांतली भुकटी झटकून ती चहा ठेवायला आत गेली.

त्याचा जीव भांड्यात पडला. बाबांना खरंच काही आठवत नव्हतं. वाचलो, असं मनात आलं आणि त्याला स्वतःचीच किळस आली.

बाबांनी बोटानं त्याला जवळ बोलावलं. स्वयंपाकघराकडे एकदा बघून घेतलं आणि आवाज खाली आणला.

"मिस्त्री, त्या पलीकडच्या कडेला अजून बारीक रेघ दिसतेय. तेवढी घालवा."

"राहू द्या आता. कुणाला कळणार नाही."

"माझ्या मुलाला कळेल ना," बाबा म्हणाले. "त्याच्या हातून झालंय ते. रोज येता-जाता दिसेल आणि मनाला खात राहील त्याच्या. पोरगा वाईट नाही हो माझा."

त्यानं ब्रश खाली ठेवला.

"ताई," त्यानं हाक मारली, "जरा बाहेर ये. बाबा पडले नव्हते."