हातभर खड्डा

कोळशाची खाण बंद झाली, खड्डा भरून जमीन सपाट केली आणि तिथे झाडं लावायचं काम मुलीकडे आलं. तीस वर्षं त्याच खाणीत पोकलेन चालवलेले तिचे बाबा हौसेने मदतीला आले.

"हातभर खड्डा पुरे हं, बाबा," असं सांगून ती पुढच्या रांगेकडे गेली. परत आली तेव्हा बाबा कमरेइतक्या खड्ड्यात उभे होते, घामाघूम, आणि अजून खणतच होते.

"अहो बाबा, रोप लावायचंय, विहीर नाही खणायची! शोधताय तरी काय?"

बाबांनी चहूकडे पाहिलं. "आपलं शेत इथेच होतं ना गं? मग एव्हाना काळी माती लागायला हवी होती. हा तर नुसता मुरूम निघतोय."

ती खड्ड्याशी उकिडवी बसली. "बाबा, खाणीने शेत घेतलं तेव्हा पहिल्याच आठवड्यात तुम्हीच ते उपसलंत. तुम्हीच सांगायचात की."

"हो, मीच उपसलं," बाबा म्हणाले. फावडं हातात तसंच राहिलं. मग गोंधळून त्यांनी तिला विचारलं,

"पण मग ती माती मी टाकली कुठे?"